उजव्या कोपऱ्यातली तीन घरं

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली,
तीन घरं असतात:
कुणी काढलं. कुणी तपासलं. कुणी मान्य केलं.
बाबा एकतीस वर्षं पहिल्या घरात राहिले.
अ. द. टि.
एवढंच. मुंगीएवढ्या अक्षरात,
दर रविवारी कोमट पाण्यात धुतलेल्या पेनानं.
तिसऱ्या घरात राहायला परवाना लागतो,
आणि त्यांचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षातच सुटला होता.

अलकापुरीतले कितीतरी जिने
त्यांच्या हातानं वळलेत.
लोक चढतात, उतरतात,
दुधाची पिशवी विसरली म्हणून पुन्हा चढतात.

भूकंप झाला त्या सव्वीस जानेवारीला
मी शाळेच्या मैदानात, पांढऱ्या बुटांत.
घरी आले तर बाबा नाहीत.
लूना काढून ते दिवसभर बडोदं फिरत होते,
कारेलीबाग, फतेगंज, मांजलपूर,
एकेका इमारतीखाली उभं राहून
खांबाला हात लावून बघत,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
कायद्यानं त्यांना कुणी विचारलं नसतं.
ज्यांची सही होती ते साहेब त्या दिवशी कुठं होते,
मला ठाऊक नाही.
रात्री बाबा जेवले नाहीत. म्हणाले, "सगळे उभे आहेत."

माझा परवाना खंडेराव मार्केटात निघाला.
बाहेर झेंडूचे ढीग, आत फायलींचे.
अनुभवाच्या एका दाखल्यावर सही निळी, हवी होती काळी,
तेवढ्यात दोन महिने गेले.
मफतभाईंनी कागद पुढं सरकवला:
"बेन, हवे तमारी ऊंघ गई."
मी हसले. त्यांना वाटलं मला कळलं नाही,
म्हणून मग आपल्या बडोदी मराठीत:
"झोप गेली हां आता तुमची."

शिक्का मंगळ बाजारात करून घेतला,
नाव, नंबर, गोल कड. दीडशे रुपये.
आईनं त्याला कुंकू लावलं,
त्यामुळं पहिला ठसा जरा लालसर उमटला.

पहिलं काम, एका बालवाडीची पाण्याची टाकी.
रात्री बाबांनी भिंग घेतलं. तासभर बोलले नाहीत.
मग पेन्सिलीनं एका तुळईभोवती गोल:
"इथं सळ्या वर हव्यात. तू खाली दाखवल्यास."
मी एम. ई. मला कान लाल झाल्याचं कळलं.
दुरुस्त करून मी मधल्या घरावर बोट ठेवलं.
ते म्हणाले, "मी? चालतं का?"
"चालतं."
पेन धुवायला उठले. रविवार नव्हता.

नंतर किरीटभाई आले, पेढ्यांचा डबा घेऊन.
वाघोडिया रोडला चार मजले उभे, पाचवा चढवायचा.
"फक्त एक सही."
मी जाऊन खालच्या खांबाचा गिलावा फोडायला लावला.
रिंगा चार इंचांवर हव्या होत्या.
टेप लावला: नऊ.
तोच खांब तिसऱ्या मजल्यावर
एका घराच्या दिवाणखान्यात निघतो.
त्यावर पेन्सिलीच्या रेघा, पुढं वजनदार गुजराती अक्षर:
केयूर, दिवाळी. केयूर, उत्तरायण. केयूर, दिवाळी.
दोन वर्षांत साडेपाच इंच.
त्याची आई म्हणाली, "बेन, आ भूंसवानुं नथी, हं."

मी सही केली नाही.
चारांचं काय, ते पत्र लिहून महापालिकेत दिलं,
शिक्का मारून.
किरीटभाई डबा उचलत म्हणाले, "दुसरा कुणी करेल."
करेल.

दर गुरुवारी साइटवर जाताना
मी मुद्दाम वाघोडिया रोडनं जाते.
गाडी बाजूला घेते, मान वर करून मोजते.
अजून चार आहेत.
तिसऱ्यावर दोरीवर एक शाळेचा शर्ट,
मागच्या वेळेपेक्षा थोडा मोठा वाटतो.